प्री-चार्ज्ड स्प्लिट एसी स्वतः बसवायचा का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी सांगावं

उद्यमबागचा_फिटर

सगळ्यांना नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण उन्हाळा चढलाय आणि असा प्रश्न माझ्या एकट्याचा नसणार, म्हणून सविस्तर विचारतो.

घर बेळगावात अनगोळला. वरच्या मजल्यावर पश्चिमेकडची खोली, वर उघडी स्लॅब. आईचं ऑपरेशन झालंय आणि ती त्याच खोलीत असते. दुपारी तीननंतर तिथं बसवत नाही. कोल्हापूरच्या दाजींनी तिकडच्या दुकानातून दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट घेतला आणि गाडीत घालून पाठवून दिला. दुकानाची फुकट जोडणी कोल्हापूर शहरापुरती. इकडच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर आधी इथं विकलेल्यांचा नंबर, मग तुमचा. माल एका राज्यातला आणि जोडणारा दुसऱ्या राज्यातला, हे सीमाभागात नेहमीचंच आहे.

खोक्यावर 'प्री-चार्ज्ड, आर ३२' असं लिहिलंय. म्हणजे गॅस भरूनच आलाय. सोबत तीन मीटर तांब्याची नळी, नट, इन्सुलेशन, ड्रेन पाइप सगळं आहे. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये फिटर आहे. हायड्रॉलिक लाइनची फ्लेअरिंग, म्हणजे नळीचं तोंड पसरवून नटाने जोडायचं काम, रोज करतो, टॉर्क रेंच हाताखालचा, ड्रिल आहे. एसीचा कोर्स मात्र केलेला नाही, कुठलं प्रमाणपत्र नाही.

मग प्रश्न असा की गॅस आधीच भरलेला असेल तर दोन नळ्या जोडायच्या, व्हॉल्व्ह उघडायचे, एवढंच उरतं ना? की त्यात मला न दिसणारं काही आहे? आणि कायद्याने चालतं का?

निवृत्त_वायरमन

आईंना लवकर बरं वाटू दे. नळीचं जाणकार सांगतील, मी विजेचं सांगतो.

तो एसी आत्ताच्या खोलीतल्या प्लगवर लावू नको. दीड टनाचं यंत्र सात-आठ अँपिअर घेतं, तेही तासन्‌तास. जुन्या घरात एकाच वायरवर पंखा, टीव्ही, इस्त्री सगळं असतं आणि जोड भिंतीत कुठं कुठं दडलेले असतात ते कुणालाच माहीत नसतं. डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य विजेच्या पेटीपासून, वेगळी लाइन ओढ. तांब्याची २.५ चौरस मिमी पुरते, अंतर लांब असेल तर ४ घे. १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याला स्वतंत्र एमसीबी, भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. अर्थिंग नुसतं वायर हिरवी आहे म्हणून धरू नको, मोजून घे. शॉक लागायच्या वेळी वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर याच निमित्ताने बसवून टाक.

कायद्याचं विचारलंस. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण बदलायला सूट आहे, पण ज्याने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलतं ते काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हायला पाहिजे. म्हणजे तयार पॉइंटमध्ये पिन घालणं तुझं काम. नवी लाइन ओढणं परवानावाल्याचं. हेस्कॉमच्या, आपल्या वीज कंपनीच्या, बिलावर मंजूर भार छापलेला असतो तोही बघ. घरात गिझर, मोटर आणि आता एसी म्हटल्यावर भार वाढवून घ्यावा लागेल.

कॉपरवाला_खानापूर

मी हेच काम करतो. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड केला, नंतर हाताखाली शिकलो. तुमचा प्रश्न चांगला आहे, कारण 'प्री-चार्ज्ड' या शब्दाने लई लोकांचा गैरसमज होतो. सविस्तर लिहितो.

गॅस कुठं भरलेला असतो? फक्त आउटडोअरमध्ये, म्हणजे बाहेर बसणाऱ्या खोक्यात. त्याच्या बाजूला दोन व्हॉल्व्ह असतात, एक बारीक, एक जाड. कंपनी सगळा गॅस आत घालून हे दोन्ही बंद करून पाठवते. तो साधारण तीन ते पाच मीटर नळीला पुरेल इतका असतो, नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तकात दिलेला असतो. इनडोअरच्या कॉइलमध्ये गॅस नसतो. नळीत तर नसतोच. नळीत काय असतं? हवा. आणि हवेत पाणी.

तुम्ही दोन्ही टोकं जोडून व्हॉल्व्ह उघडले तर ती हवा आणि ते पाणी कायमचं आत कोंडलं गेलं. हवा काही आउटडोअरमध्ये गॅससारखी द्रवरूप होत नाही, ती तशीच जागा अडवून बसते. दाब वाढतो, कंप्रेसर तापतो, बिल वाढतं, थंडावा कमी. पाण्याचं त्याहून वाईट. आर ३२ सोबत जे तेल येतं ते ओलावा झपाट्याने शोषतं आणि त्या ओलाव्याने तेलाचंच ॲसिड व्हायला लागतं. ते आतून मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं. पहिल्या उन्हाळ्यात काहीच कळत नाही. कंप्रेसर जातो तेव्हा लोक कंपनीला शिव्या देतात.

म्हणून जोडणी झाल्यावर, व्हॉल्व्ह उघडायच्या आधी, व्हॅक्यूम पंप लावून नळी आणि कॉइल रिकामी करायची. नुसती हवा काढायची नाही, ओलावाही उकळवून काढायचा. दाब ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरवला की पाणी शून्याच्या खालच्या तापमानालासुद्धा उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. मग पंप बंद करून थांबायचं. काटा जागेवर राहिला तर जोड घट्ट आहेत. हळूहळू वर चढला तर कुठं तरी गळती आहे किंवा आत अजून ओल आहे.

इथल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास उंच आहे. इथला हवेचा दाबच कमी. साध्या गेजचा काटा इथं कितीही पंप चालवला तरी पाऱ्याच्या ३० इंचांवर जात नाही, साडेसत्तावीसच्या आसपास थांबतो. नवीन पोरं मुंबईचे व्हिडिओ बघून पंप खराब आहे म्हणतात. पंप बरोबर असतो. याच कारणासाठी मी मायक्रॉन गेज वापरतो, तो खरा दाब दाखवतो.

थोडक्यात, तुमची फ्लेअर माझ्याहून चांगली असेल. पण पंप आणि मायक्रॉन गेज नसेल तर व्हॉल्व्हला ॲलन की लावू नका.

शहापूर_गल्ली

सगळं पटलं, पण अण्णा, आमच्या गल्लीत पोरं येतात, पंप-बिंप काही नसतो. बारीक व्हॉल्व्ह थोडा उघडून जाड बाजूने गॅस सोडतात, फुस्स झालं की नट आवळतात. हवा निघून गेली म्हणतात. माझ्या भावाचा एसी तसाच बसवलाय आणि वर्षं झाली, चालूलाय की. मग पंपाचा एवढा आग्रह कशासाठी? फिटरदादांसारख्या हातच्या माणसाला हे सहज जमेल.

कॉपरवाला_खानापूर

या पद्धतीला आम्ही पर्जिंग म्हणतो आणि मी ती करत नाही, कुणाला करूही देत नाही.

पहिलं, गॅसच्या धक्क्याने हवा बहुतेक निघते, ओलावा नळीच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. आपल्याकडे जूनमध्ये एसी बसवणारेही असतात. खानापूर, जांबोटीच्या पावसात नळी अर्धा तास उघडी राहिली तर आत काय जातं याचा विचार करा.

दुसरं, जो गॅस फुस्स करून सोडला तो मोजून भरलेल्या गॅसमधूनच गेला. इन्व्हर्टर यंत्रात एकूण गॅसच किलोच्या मागेपुढे असतो. किती गेला ते कुणी मोजत नाही.

तिसरं, आर ३२ पेट घेऊ शकतो. लगेच भडकणारा नाही, पण बंद खोलीत साठला आणि जवळ ज्योत असेल तर पेटतो, आणि जळताना त्यातून विषारी वायू निघतो. आपल्या घरात देवघर बऱ्याचदा त्याच खोलीत असतं, समई चालू असते. मी काम सुरू करायच्या आधी घरच्यांना सांगून समई, उदबत्ती विझवून घेतो, दारं-खिडक्या उघडतो. वयस्कर माणसांना ते आवडत नाही. समजावून सांगितलं की ऐकतात.

चौथं, हा गॅस हवेत सोडणंच चुकीचं आहे. एक किलो आर ३२ म्हणजे हवामानाच्या हिशेबात ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड. जुन्या आर ४१०ए ला तर हाच आकडा २०८८ आहे.

तुमच्या भावाचा एसी चालतो, ठीक आहे. त्याचं बिल पहिल्या वर्षाच्या बिलाशी ताडून बघा एवढंच म्हणेन.

लेस्टरहून

मी मूळ नंदगडचा, आता लेस्टरला असतो. इथं हाच विषय गाजतो, म्हणून इथला नियम सांगतो.

ब्रिटनमध्ये गॅस भरलेला स्प्लिट घरगुती ग्राहकाला विकताना, तो प्रमाणित माणूसच बसवणार आहे याचा पुरावा विक्रेत्याने घ्यावा लागतो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या ५१७ क्रमांकाच्या नियमातून हे आलं आणि संघातून बाहेर पडल्यावरही इथं राहिलं. मेख अशी आहे की नियम सीलबंद नसलेल्या यंत्रांना लागू आहे. खिडकीचा किंवा चाकांवरचा एसी कारखान्यातच पूर्ण सीलबंद असतो, तो कुणीही आणून लावावा.

खरा 'प्री-चार्ज्ड' संच वेगळा असतो. अमेरिकेत एमआरकूल नावाची कंपनी विकते. त्यात नळीसुद्धा गॅस भरूनच येते, दोन्ही टोकांना झडपा असतात आणि पान्याने आवळत नेलं की त्या आतून उघडतात. तिथं पंप लागत नाही, कारण हवा आत गेलेलीच नसते. घरच्या माणसाने बसवावा म्हणूनच तो बनवलाय. नळीची लांबी मात्र ठरलेली, सहसा २५ फूट. कापता येत नाही, जास्तीची वेटोळं करून ठेवावी लागते. तुमच्या खोक्यात साध्या तांब्याच्या नळ्या आणि पितळी नट असतील तर तो या प्रकारचा नाही. दोन्हींना एकच शब्द वापरतात, घोळ तिथंच होतो.

उद्यमबागचा_फिटर

पाहिलं. साधी नळी, टोकांना प्लास्टिकच्या टोप्या, पितळी नट. म्हणजे कॉपरवाले म्हणतात तोच प्रकार.

मग आमच्याकडे पंप मिळेल का ते बघूलोय. शॉपमध्ये व्हॅक्यूम पंप आहे, दुसऱ्या कामाचा. शिवाय गॅस एजन्सीकडून ऑक्सिजन, नायट्रोजन, आरगॉन सगळे सिलिंडर येतात. गळती तपासायला ऑक्सिजनने दाब देऊन बघावं का?

कॉपरवाला_खानापूर

नाही! ऑक्सिजन अजिबात नाही. आत कंप्रेसरचं तेल आहे. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो, ठिणगीचीही गरज नसते. माणसं मेलीत यात. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं, वर्कशॉपमध्ये सिलिंडर हाताशी असतो म्हणून तर जास्तच.

दाबाची चाचणी कोरड्या नायट्रोजननेच करायची, तीही रेग्युलेटर लावूनच. आउटडोअरचे व्हॉल्व्ह बंद ठेवून फक्त नळी आणि कॉइलमध्ये दाब द्यायचा, पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या आत. जोडावर साबणाचा फेस, मग थांबून काटा बघायचा. आर ३२ चा दाब तीस अंशांना नुसता उभा असतानाच २६५ पीएसआयच्या आसपास असतो. जुन्या आर २२ चा दीडशेच्या वर थोडा. म्हणून जुने गेज, जुने होज या गॅसला वापरू नयेत.

तुमच्या शॉपचा पंप दुसऱ्या कामाचा आहे म्हणता, तर त्याचं तेल कसलं, किती खाली ओढतो, ठिणगी पडेल असा स्विच आहे का, हे बघावं लागेल. शंका असेल तर नको. पुस्तकात टॉर्कही दिलेला असतो. पाव इंची नटाला साधारण १५ ते १७ न्यूटन-मीटर, अर्ध्या इंचीला ५० ते ६०. फिटर माणसाचा हात जड असतो. हायड्रॉलिकच्या सवयीने आवळाल तर फ्लेअर पातळ होऊन चिरते. दोन पाने लावून आवळा, म्हणजे व्हॉल्व्ह पिळला जाणार नाही.

जांभा_चिरा

घरं बांधतो, खानापूर तालुका. सगळे गॅसवर बोलतायत, भिंतीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

अनगोळला वीट किंवा ब्लॉक असेल. पण आमच्याकडे, आणि बेळगावातल्या जुन्या गल्ल्यांतही, जांभ्याचे चिरे आहेत. जांभ्यात फास्टनर ठोकला की सुरुवातीला घट्ट वाटतो. दोन पावसाळे गेले, आउटडोअरचं हादरणं चालू राहिलं की भोक मोठं होत जातं. आउटडोअर तीस किलोच्या आसपास. खाली रस्ता, शाळेत जाणारी पोरं. जांभ्याला बोल्ट आरपार घाला आणि आतल्या बाजूने लोखंडी पट्टी द्या. ते जमत नसेल तर आउटडोअर जमिनीवर किंवा स्लॅबवर चौथऱ्यावर ठेवा, खाली रबर. गॅलरीच्या कठड्यावर नको.

नळीचं भोक आतून बाहेर किंचित उतार ठेवून मारा, नाहीतर वळवाचा पहिलाच पाऊस भिंतीतून आत येतो. ड्रेन पाइपला सगळीकडे उतार पाहिजे, मध्ये कुठंही पोट नको. माझ्या अनुभवात एसीच्या दहातल्या नऊ तक्रारी पाण्याच्या असतात, थंडाव्याच्या नसतात. आणि कौलारू खोली असेल तर आधी छत करा. कौलांच्या फटींतून सगळी थंडी वर जाते, दोन टनाचाही उपयोग नाही.

निपाणीकर_ताई

मी शिक्षिका आहे, यातलं तांत्रिक मला फारसं कळत नाही, पण लेस्टरच्या दादांनी सांगितलेली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. सीलबंद यंत्राला ही भानगडच नाही. मग आपल्याकडे लोक खिडकीचा एसी का घेत नाहीत? आमच्या भाड्याच्या घरात सासऱ्यांसाठी खिडकीचाच घेतला. सुताराने चौकट करून दिली, वायरमनने पॉइंट दिला, दोघांनी उचलून बसवला. आवाज करतो, हे खरं. पण घर बदललं तर उचलून नेता येईल, गॅस काढा, भरा काही नाही. ज्यांना चांगला कारागीर मिळत नाही त्यांनी याचा विचार करावा.

अथणीला माझी बहीण कूलरवर उन्हाळा काढते, तिकडची हवा कोरडी. खानापूर किंवा कारवारला कूलर लावला तर अंग चिकट होतं, थंड होत नाही.

शहापूर_गल्ली

ताई, मुद्दा बरोबर आहे. पण आमच्या घराला गल्लीकडे एकच खिडकी, ती बंद केली तर उजेड कुठून?

कॉपरवाले, तुमचं बिलाचं म्हणणं मनात राहिलं, भावाला जुनी बिलं काढायला सांगितलीत. आता एक सांगा. कायदा काय म्हणतो? वायरमन काकांनी विजेचं सांगितलं. गॅसचं? ही पोरं विनापरवाना आहेत का?

कॉपरवाला_खानापूर

आपल्या देशात एसी बसवणाऱ्याला गॅस हाताळायचं प्रमाणपत्र सक्तीचं नाही. ब्रिटनसारखं नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन काढला, त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. चांगलं आहे, पण ऐच्छिक. पुढे हे घट्ट होणार असं मला वाटतं, कारण २०१६ च्या किगाली करारात भारत आहे आणि या जातीच्या गॅसचा वापर आपल्याला २०२८ ला गोठवून २०३२ पासून टप्प्याटप्प्याने खाली आणायचाय.

पण मित्रा, 'विनापरवाना पोरं' म्हणून कुणाला हिणवू नका, हे मला मनापासून सांगायचंय. यातली किती तरी पोरं दहावीनंतर कुणाच्या तरी हाताखाली लागली, भर उन्हात दोरीवर लटकून काम करतात. हाताला सुंदर असतात. त्यांच्याकडे पंप नाही कारण पंपाचे पैसे सुटतील इतकी मजुरी कुणी देत नाही. गिऱ्हाईक दोनशे रुपये कमी करायला बघतं आणि पोरगा पंप घरी ठेवून येतो. कागद असलेलाही पंप न लावता जातो, कागद नसलेलाही निगुतीने लावतो. म्हणून तुम्ही फोनवरच विचारा की पंप आणणार का? किती वेळ चालवणार? मायक्रॉन गेज आहे का? टॉर्क रेंच आहे का? 'त्याची गरज नाही' म्हणाला तर दुसरा बघा. 'आणतो, पण जादा पैसे लागतील' म्हणाला तर आनंदाने द्या.

आणि काम चालू असताना उभे राहा. पंप जोडायच्या आधीच कुणी आउटडोअरच्या व्हॉल्व्हला ॲलन की लावली, की थांबवा.

निवृत्त_वायरमन

शेवटचा परिच्छेद सगळ्यांनी दोनदा वाचावा. आमच्या वायरिंगच्या कामातही हेच. वायरचं इन्सुलेशन तपासायचं मेगर आणणाऱ्याला लोक महागडा म्हणतात.

लेस्टरहून

एक भर. जोडण्याइतकंच काढणंही धोक्याचं आहे, आणि आपल्याकडे भाड्याचं घर बदलताना लोक स्वतः काढतात. गॅस आउटडोअरमध्ये परत ओढून घेतात ना, त्या वेळी. कॉपरवाले, त्यावर लिहा.

कॉपरवाला_खानापूर

बरं आठवण केली. त्याला पंप-डाउन म्हणतात. एसी कूलिंगवर चालू ठेवून बारीक व्हॉल्व्ह बंद करायचा, कंप्रेसर नळीतला गॅस ओढून आउटडोअरमध्ये घेतो, गेजवर दाब खाली आला की जाड व्हॉल्व्ह बंद आणि त्याच क्षणी यंत्र बंद. धोका असा की, नट सैल असेल किंवा कुणी घाईत नळी आधीच सोडली, तर कंप्रेसर गॅसऐवजी बाहेरची हवा ओढतो. हवा आणि तेलाची वाफ त्या दाबाखाली, त्या उष्णतेत पेट घेते. डिझेल इंजिनात होतं तेच, फक्त इथं पत्र्याच्या खोक्यात आणि माणूस समोर बसलेला. जपानमध्ये एसी काढताना कंप्रेसर फुटल्याच्या घटना झाल्या आहेत. कंप्रेसर चालू असताना कुठलाही नट सोडायचा नाही. गेज नसेल तर पंप-डाउन करायचंच नाही.

स्वतः बसवण्यापेक्षा स्वतः काढण्याला माझा जास्त विरोध आहे.

उद्यमबागचा_फिटर

सगळ्यांचे आभार. असं ठरवलं. परवानावाल्या इलेक्ट्रिशियनने काल वेगळी लाइन ओढून दिली, अर्थिंग मोजलं, हेस्कॉममध्ये भारवाढीचा अर्ज दिलाय. भोक मी मारलं, बाहेर उतार देऊन. स्टँड आमच्याच शॉपमध्ये अँगलचं केलं, भिंत विटेची निघाली तरी बोल्ट आरपार घातले. आतलं युनिट अडकवायची पाटी लेव्हलला लावली, ड्रेनमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघितलं, सरळ बाहेर जातं.

नळीच्या टोप्या काढलेल्या नाहीत. फ्लेअर, नायट्रोजन, व्हॅक्यूम आणि व्हॉल्व्ह यासाठी वडगावचा एक तंत्रज्ञ येतोय, फोनवर चारही प्रश्न विचारले. पंप आणि मायक्रॉन गेज आहे म्हणाला, टॉर्क रेंच माझा वापरेल. पुस्तक वाचून ठेवलंय. त्यात हेही लिहिलंय की जोडणी अधिकृत माणसाकडून नसेल तर वॉरंटी नाकारता येते, म्हणून कंपनीच्या नंबरवर विचारलं. काम झाल्यावर त्यांचा माणूस येऊन तपासून नोंद करेल म्हणाले, ते लेखी मागवलंय.

निपाणीकर_ताई

आईंची सोय झाली की इथं कळवा. आणि वॉरंटीचं लेखी उत्तर आलं की तेही टाका. कोल्हापुरातून घेऊन इकडे आणणारे आमच्या निपाणीत घरटी आहेत.

चंदगडी

आमचं उलट आहे. महाराष्ट्रात राहतो, पण बाजारहाट बेळगावातच, एसीही बेळगावातूनच घेतोय. माझी अडचण अशी की आउटडोअर मागच्या परसात ठेवायचा तर नळी आठ मीटर होते. सोबतची तीन मीटरची. जोड देऊन वाढवली तर चालेल का? गॅस पुरेल का?

कॉपरवाला_खानापूर

मध्ये जोड देऊ नका. आठ मीटरची अखंड नळी घ्या, जाडी पुस्तकात आहे तीच. मध्ये जितके जोड तितक्या गळतीच्या जागा, आणि ते भिंतीत गेले की सापडत नाहीत.

गॅस जादा लागेल. तुमच्या मॉडेलचा भरलेला गॅस किती मीटरला पुरतो ते बघा. समजा पाच मीटर असेल, तर उरलेल्या तीन मीटरला घालायचा. पाव इंची लिक्विड लाइनला, म्हणजे बारीक नळीला, आर ३२ चं प्रमाण बहुतेक मॉडेलांत मीटरला २० ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे ६० ग्रॅम. हे वजनकाट्यावर मोजूनच. दाबाकडे बघून अंदाजाने घालणारा असेल तर नको, इन्व्हर्टर यंत्रात दाब सतत बदलत असतो. नळी कमी करायलाही मर्यादा असते. काही कंपन्या तीन मीटरपेक्षा कमी नको म्हणतात, आवाज आणि हादरा आत येतो.

दोन्ही नळ्यांना वेगवेगळं इन्सुलेशन करा, एकात गुंडाळू नका. परसात ऊन लागत असेल तर वरून टेप मारा, नाहीतर फोम एका उन्हाळ्यात भुसभुशीत होतो. आउटडोअरच्या मागे वीतभर तरी जागा सोडा आणि समोर गवताची गंजी रचू नका. चंदगडच्या पावसासाठी वर पत्रा टाकलात तर चालेल, पण पुढचा वारा मोकळा राहिला पाहिजे. इकडचा कारागीर तुमच्याकडे यायला तयार नसेल तर कळवा, त्या बाजूला माझ्या ओळखीचे दोघं आहेत, पंप घेऊन येणारे.